प्राणवायूला जागे करणारे लोह

जैन दर्शनाने सांगितलेल्या दहा प्राणांमध्ये श्वासोच्छ्वासाची गणना होते. पाच इंद्रिये, तीन बले आणि आयुष्य यांच्या पंक्तीला त्याला बसविले आहे, यावरूनच त्याचे महत्त्व कळते. ऑक्सिजनला मराठीत प्राणवायू हे नाव रूढ झाले तेही साजेसेच आहे. परंतु श्वासाबरोबर आत आलेल्या या वायूचे शरीरात पुढे नेमके काय होते? फुप्फुसांपासून रक्तातील हिमोग्लोबिनपर्यंतचा त्याचा प्रवास शालेय पुस्तकांत असतो. खरे नवल त्याच्या पुढे सुरू होते, आणि ते समजून घेण्यासाठी आधी एका वेगळ्याच गोष्टीचे आश्चर्य वाटावयास हवे.

हवेत सुमारे 21 टक्के प्राणवायू आहे. निरांजनातील तूप, कापसाची वात, स्वाध्यायाचा लाकडी ठवळा, त्यावरील पोथी, या साऱ्या वस्तू प्राणवायूशी संयोग पावून जळू शकतात आणि जळताना उष्णता देऊ शकतात. रसायनशास्त्राच्या हिशेबाने पाहता त्या उतारावर ठेवलेल्या धोंड्यासारख्या आहेत. खाली घरंगळणे हीच त्यांची स्वाभाविक दिशा. तरीही पोथी शे-दोनशे वर्षे टिकते आणि वात काडी लावल्यावाचून पेटत नाही. मनुष्याचा देहदेखील कर्बाच्या अशाच ज्वलनशील संयुगांचा बनलेला असून तो आयुष्यभर याच वायूत वावरतो. मग तो पेट का घेत नाही?

याचे उत्तर प्राणवायूच्या रेणूच्या घडणीत आहे. बहुतेक रेणूंमध्ये इलेक्ट्रॉन जोडीने राहतात आणि जोडीतील दोघांची फिरकी परस्परविरुद्ध असते. दोन अणूंच्या प्राणवायूच्या रेणूत मात्र शेवटचे दोन इलेक्ट्रॉन जोडी न करता वेगवेगळ्या जागी बसतात आणि दोघांची फिरकी एकाच दिशेची असते. या वैशिष्ट्यामुळेच द्रवरूप प्राणवायू लोहचुंबकाकडे ओढला जातो. 1891 साली लंडनमध्ये जेम्स ड्यूअर यांनी हा चमत्कार प्रत्यक्ष करून दाखविला होता. तूप, साखर, लाकूड यांच्या रेणूंतील इलेक्ट्रॉन जोडीजोडीने बांधलेले असतात. जोड्यांच्या पंगतीत हे दोन एकटे पाहुणे सहजासहजी सामावत नाहीत. त्यासाठी कोणाची तरी फिरकी उलटावी लागते, आणि निसर्गाच्या नियमानुसार ती आपोआप उलटण्याची शक्यता फार थोडी. काडीची ज्योत ही अडचण उष्णतेच्या बळाने मोडून काढते. सजीवांची काया प्राणवायूत सुरक्षित राहते ती प्राणवायूच्या ठायी असलेल्या या अडसरामुळे. हा अडसर नसता तर हिरवी सृष्टी उभीच राहिली नसती.

परंतु अडसर आहे तर मग शरीर 37 अंश तापमानात, ज्योतीवाचून, हाच वायू कसा वापरते? येथे लोह पुढे येते. लोहाच्या अणूजवळ स्वतःचे एकटे इलेक्ट्रॉन असतात आणि तो ते एकेक करून देऊ-घेऊ शकतो. म्हणून जोडीच्या नियमात अडकलेल्या रेणूंना जे जमत नाही ते लोहाला जमते. प्राणवायू त्याच्याशी बंध जोडतो. मात्र मोकळे लोह आणि प्राणवायू यांची गाठ घातली तर हाती येतो केवळ गंज, आणि शरीरात तर विध्वंसक कणांची साखळीच सुरू होते. यासाठी निसर्गाने लोहाचा एक किंवा दोन अणू मोठ्या प्रथिनाच्या खोबणीत बसविले आहेत. अशा कार्यकारी प्रथिनांना विकर, म्हणजेच एन्झाइम, म्हणतात. खोबणीत काय येईल, केव्हा येईल आणि जागा झालेला प्राणवायू कोणावर सोडला जाईल, याचे नियंत्रण हे विकर करते.

ही गोष्ट मान्य होण्यासाठी बराच काळ गेला. 1920च्या दशकात जर्मनीत दोन थोर रसायनशास्त्रज्ञांमध्ये मोठा वाद झाला. बर्लिनचे ओटो वॉरबुर्ग म्हणत की, श्वसनाचे मर्म प्राणवायूला जागे करण्यात आहे आणि ते काम लोह करते. हाइन्रिश वीलांट यांचे म्हणणे होते की, विकरे अन्नातील हायड्रोजनला मोकळे करतात. प्राणवायू शेवटी तो स्वीकारतो, एवढेच. वॉरबुर्ग यांनी आपला पक्ष प्रकाशाच्या साहाय्याने सिद्ध केला. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू यीस्टच्या पेशींचे श्वसन थांबवितो, परंतु प्रकाश पाडला की ते पुन्हा सुरू होते, कारण प्रकाशामुळे तो वायू लोहापासून सुटतो. कोणत्या रंगाचा प्रकाश किती परिणामकारक ठरतो हे मोजत मोजत त्यांनी न दिसणाऱ्या विकराचा वर्णपट तयार केला, आणि तो रक्तातील लोहयुक्त रंगद्रव्याच्या वर्णपटाशी जुळता निघाला. 1931 सालचे नोबेल पारितोषिक त्यांना याच संशोधनासाठी मिळाले. पुढे असे दिसून आले की वीलांट यांचे म्हणणेही खोटे नव्हते. पेशीमध्ये दोन्ही क्रिया एकाच साखळीच्या दोन टोकांना चालतात. हत्तीची सोंड आणि हत्तीचा पाय चाचपणाऱ्यांची गोष्ट अनेकान्ताच्या अभ्यासकाला नवी नाही. विज्ञानाच्या इतिहासात तिचे इतके चपखल उदाहरण क्वचितच सापडते.

तरीही एक प्रश्न राहिलाच होता. प्राणवायू केवळ हायड्रोजन स्वीकारतो की त्याचे अणू स्वतः अन्नाच्या रेणूत जाऊन बसतात? 1955 साली अमेरिकेत काम करणारे जपानी शास्त्रज्ञ ओसामु हायाइशी यांनी याचा निकाल लावला. त्यांनी नेहमीपेक्षा जड असलेला, 18 अणुभाराचा प्राणवायू घेतला आणि कॅटेचॉल या द्रव्याचे वलय तोडणाऱ्या जीवाणूच्या विकराला तो दिला. तयार झालेल्या आम्लात नव्याने आलेले दोन्ही ऑक्सिजन-अणू जड निघाले. म्हणजे ते पाण्यातून आले नव्हते, थेट हवेतून आले होते. त्याच वर्षी हॉवर्ड मेसन यांनीही तांबेयुक्त विकराच्या बाबतीत स्वतंत्रपणे तसेच दाखविले. हायाइशींच्या त्या विकरातही लोहच असते.

अशी लोहयुक्त विकरे प्रत्येकाच्या शरीरात आहेत. त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या आणि हाडे यांना घट्टपणा देणारे कोलॅजन हे प्रथिन तीन पेडांच्या दोरीसारखे असते. हा पीळ टिकण्यासाठी कोलॅजनमधील प्रोलिन या घटकावर प्राणवायूचा एक अणू बसवावा लागतो, आणि हे काम एक लोहयुक्त विकर करते. रेणूतील एक अणू प्रोलिनला मिळतो, दुसरा त्याच वेळी एका सहायक आम्लाला. काम करता करता कधी कधी या विकरातील लोह भलत्याच अवस्थेत अडकते, तेव्हा त्याला पूर्वस्थितीत आणते क जीवनसत्त्व. ते मिळाले नाही तर दोरीचा पीळ सैल पडतो, हिरड्यांतून रक्त येते, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. हाच स्कर्व्ही रोग. 1747 साली सॅलिसबरी या ब्रिटिश जहाजावर जेम्स लिंड यांनी बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीवर निराळा उपचार केला. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी लवकर सुधारली. या फळांच्या गुणाचे मूळ एका लोह-अणूच्या निगराणीत आहे हे कळावयास दोन शतकांहून अधिक काळ लागला. जाता जाता गृहिणींसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. डाळी-कडधान्यांतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते; वरणावर पिळलेले लिंबू ते शोषण वाढविते, तर जेवणाला लागून घेतलेला चहा ते घटविते. आहार पूर्ण शाकाहारी असलेल्या घरांत हे ध्यानात ठेवणे विशेष हिताचे.

याच कुळातील आणखी एक विकर पेशीला प्राणवायू कमी पडू लागल्याची वर्दी देते. त्यासंबंधीच्या शोधाला 2019 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो विषय मोठा आहे आणि स्वतंत्र लेखाचा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. लोहाला चिकटलेला प्राणवायू आणि काम पूर्ण झालेले विकर, या दोन टोकांच्या मध्ये काय घडते? अनेक विकरांच्या बाबतीत शास्त्रज्ञांचा तर्क असा होता की, प्राणवायूच्या दोन अणूंमधील बंध तुटतो आणि त्यातील एक अणू लोहाशी दुहेरी बंधाने जखडला जातो. त्या क्षणी लोहाने नेहमीपेक्षा दोन इलेक्ट्रॉन अधिक गमावलेले असतात, म्हणून ते अतिशय हावरे झालेले असते. समोरच्या रेणूतला हायड्रोजन ते हिसकावून घेते. परंतु ही अवस्था सेकंदाच्या लहानशा अंशापुरतीच टिकते. तिचे दर्शन घ्यावे कसे?

येथे क्ष-किरणांचे वर्णपटविज्ञान उपयोगी पडते. डॉक्टर हाडाचे चित्र काढतात तो क्ष-किरणांचा उपयोग निराळा आणि हा निराळा. लोहाच्या अणूतील अगदी आतला इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यासाठी सुमारे 7,112 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा क्ष-किरण लागतो. दृश्य प्रकाशाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टच असते, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळेल. प्रत्येक मूलद्रव्याचा हा उंबरठा वेगळा असल्यामुळे, प्रथिनात कर्ब, नायट्रोजन, हायड्रोजन यांचे हजारो अणू असले तरी या ऊर्जेच्या क्ष-किरणांना लोहाचीच ओळख पटते. लोहाने जितके अधिक इलेक्ट्रॉन गमावले असतील तितका हा उंबरठा किंचित वर सरकतो. उंबरठ्याच्या अलीकडे एक लहानसा उंचवटा दिसतो. लोहाभोवतीची मांडणी जितकी एकांगी, तितका तो मोठा. एका बाजूला अगदी जवळ दुहेरी बंधाचा ऑक्सिजन असेल तर तो ठळक होतो.

उंबरठ्याच्या पलीकडे तर अधिक रम्य गोष्ट घडते. सुटलेला इलेक्ट्रॉन लाटेसारखा पसरतो, शेजारच्या अणूंवर आपटून परततो आणि मूळ लाटेत मिसळतो. तळ्यात खडा टाकावा आणि घाटाच्या पायऱ्यांवरून परतलेल्या लहरी नव्या लहरींत मिसळाव्यात, तसे. त्यामुळे शोषणाच्या आलेखात बारीक चढउतार उमटतात. 1971 साली सेयर्स, स्टर्न आणि लिटल या तीन शास्त्रज्ञांनी या चढउतारांतून गणिताने शेजाऱ्यांची अंतरे काढण्याची रीत दिली. ही अंतरे अँगस्ट्रॉममध्ये मोजतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग. अशा मोजमापासाठी लागणारे प्रखर आणि हवे त्या ऊर्जेचे क्ष-किरण सिंक्रोट्रॉन नावाच्या वर्तुळाकार यंत्रात मिळतात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील 'इंडस-2' हे सुमारे 172 मीटर परिघाचे यंत्र याच जातीचे असून तेथेही अशा शोषणमापनाची सोय आहे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात मार्टिन बोलिंजर आणि कार्स्टन क्रेब्स यांच्या गटाने यासाठी एका साध्या जीवाणूचे विकर निवडले. गंधक मिळेनासे झाले की हा जीवाणू टॉरिन नावाचे द्रव्य फोडून गंधक मिळवितो, आणि ते फोडणारे विकर लोहयुक्त असते. विकर आणि प्राणवायू यांची द्रावणे वेगाने एकत्र करून, काही सहस्रांश सेकंदांनी ते मिश्रण अतिशीत द्रवात फवारून जागच्या जागी गोठवावयाचे, ही त्यांची युक्ती. टॉरिनमधील हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन घातला की तो हिसकावणे लोहाला कठीण जाते आणि ती क्षणिक अवस्था अधिक काळ तगते. या गोष्टीचाही त्यांनी उपयोग केला. 2003 साली त्या अवस्थेतील लोहाची ओळख पटली आणि 2004 साली क्ष-किरणांनी लोह व ऑक्सिजन यांच्यातील अंतर 1.62 अँगस्ट्रॉम असल्याचे दाखविले. साध्या बंधाचे अंतर दोनच्या आसपास असते. इतके आखूड अंतर दुहेरी बंधाचेच. तर्काला प्रमाण मिळाले.

मात्र या पाहण्यात एक मोठी मेख आहे. क्ष-किरण नमुन्यात शिरले की गोठलेल्या पाण्यातून आणि प्रथिनातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि वाट काढीत लोहापर्यंत पोहोचतात. ज्या लोहाने इलेक्ट्रॉन गमावले आहेत म्हणून ते पाहावयाचे, त्यालाच पाहणाऱ्याचे साधन ते परत देऊन टाकते. असावधपणे घेतलेल्या मापात मग मूळ अवस्था दिसत नाही, बिघडलेली दिसते. पाहण्यामुळे पाहिल्या जाणाऱ्याला इजा होते, ही अडचण अहिंसेचा सूक्ष्म विचार करणाऱ्या वाचकाला विशेष भिडेल. शास्त्रज्ञांनी तिच्यावर संयमाचेच उपाय योजले. नमुना द्रवरूप हेलियमच्या थंडीत ठेवावयाचा, किरणांची मात्रा घटवावयाची, एका जागी थोडाच वेळ पाहून जागा बदलावयाची. 2002 साली एका गटाने मुळ्यातल्यासारख्या तिखट कंदाच्या विकराचे अनेक स्फटिक घेतले आणि प्रत्येकाकडून अगदी थोडी माहिती घेऊन ती एकत्र जुळविली, म्हणजे किरणांचा भार सर्वांत वाटला गेला. अगदी नवा मार्ग उलट्या दिशेचा आहे. क्ष-किरण लेसरचा झोत काही दशक फेम्टोसेकंदांतच संपतो. सेकंदाचे एक कोटी भाग करावेत आणि त्यातील एकाचे पुन्हा दहा कोटी, म्हणजे एक फेम्टोसेकंद. स्फटिक नष्ट होतो खरा, परंतु नष्ट होण्यापूर्वीच त्याची वार्ता पोहोचलेली असते.

एवढी काळजी घेऊनही सर्व प्रश्न सुटतातच असे नाही. मिथेनवर जगणाऱ्या जीवाणूंची गोष्ट याची साक्ष देईल. मिथेन हा दलदलीतून, भातखाचरांतून निघणारा वायू. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत भातखाचरांतील अशा मिथेनभक्षी जीवाणूंचा अभ्यास झाला आहे. या जीवाणूंचे नेहमीचे विकर तांब्याचे असते, परंतु तांबे दुर्मीळ झाले की त्यांतील काही जाती दोन लोह-अणू असलेले दुसरे विकर कामाला लावतात. मिथेनमधील बंध अतिशय बळकट. कारखान्यात मिथेनपासून मिथेनॉल करावयाचे तर आधी वाफेबरोबर सातशे-आठशे अंशांपर्यंत किंवा त्याहूनही तापवावे लागते आणि पुढे मोठा दाब द्यावा लागतो. जीवाणू तेच काम चिखलाच्या साध्या तापमानात एका पायरीत करतो. हे रहस्य हाती आले तर इंधनाच्या आणि हवामानाच्या प्रश्नावर त्याचा परिणाम होईल, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्या मागे आहेत. मिथेनवर प्रत्यक्ष झडप घालणाऱ्या अवस्थेला 'क्यू' हे इंग्रजी अक्षर नाव म्हणून दिलेले आहे.

क्यूमधील दोन लोह-अणू एकमेकांपासून किती दूर आहेत? 1997 साली मिनेसोटा विद्यापीठातील जॉन लिप्सकॉम्ब, लॉरेन्स क्वे आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरण मापनातून ते अंतर 2.46 अँगस्ट्रॉम असल्याचे सांगितले. दोन लोह आणि त्यांना जोडणारे दोन ऑक्सिजन मिळून शंकरपाळ्याच्या आकाराचा बंदिस्त चौकोन होतो, असे चित्र त्यातून उभे राहिले. 2015 साली लेसर प्रकाशाच्या विकिरणावर आधारलेल्या दुसऱ्या पद्धतीनेही त्याच चित्राला दुजोरा दिला. परंतु 2018 साली जर्मनीतील म्युलहाइम येथील सेरेना डिबीर यांच्या गटाने, मिनेसोटाच्याच शास्त्रज्ञांच्या सहकार्याने, अधिक निवडक पद्धतीने क्ष-किरण मापन केले. त्यात ते आखूड अंतर आढळले नाही. आढळले ते सुमारे 3.4 अँगस्ट्रॉमचे. म्हणजे चौकोन बंदिस्त नाही, एका बाजूने उघडा आहे. मूळ मापन करणाऱ्यांनीच आपले नमुने नव्या तपासणीसाठी पुढे केले, हे या वादात सर्वांत लोभस वाटते.

अशा प्रसंगी दोघांचेही आपापल्या परीने बरोबर, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह पडतो. तो अनेकान्ताचा अर्थ नव्हे. वॉरबुर्ग आणि वीलांट दोन वेगळ्या क्रियांविषयी बोलत होते, म्हणून दोघेही खरे ठरले. येथे प्रश्न एकाच अवस्थेतील एकाच अंतराचा आहे, ते 2.46 आणि 3.4 दोन्ही असू शकत नाही. स्याद्वाद प्रत्येक विधानाची अपेक्षा स्पष्ट करावयास सांगतो: कोणत्या तापमानाचा नमुना, त्यात क्यू किती आणि इतर अवस्थांची भेसळ किती, कोणत्या साधनाने पाहिले. क्ष-किरण शोषण नमुन्यातील सर्व लोह-अणूंची सरासरी सांगते. लेसरची पद्धत ठरावीक कंपनांनाच उजळते. अपेक्षा उघड मांडल्या की मतभेदाची नेमकी जागा सापडते, आणि पुढचा प्रयोग तेथेच करावा लागतो.

त्याचप्रमाणे, तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गल परमाणूंचा बंध स्निग्ध आणि रूक्ष गुणांमुळे होतो असे विवेचन आहे, म्हणून हे सारे तेथे पूर्वीच आले होते असे म्हणण्याची आवश्यकता नाही. बंध का होतो, हा प्रश्न त्या काळी इतक्या गांभीर्याने विचारला गेला, हीच अभिमानाची गोष्ट पुरेशी आहे. लोहाच्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब मात्र मापनयंत्रानेच द्यावा लागतो.

क्यूवरील चर्चा 2018 नंतरही चालू राहिली. 2020 साली क्ष-किरण लेसरच्या साहाय्याने या विकराची, त्याच्या सहायक प्रथिनासह, सामान्य तापमानातील रचना प्रसिद्ध झाली. लोहाच्या दोन वेगवेगळ्या अवस्था किरणांची इजा होण्यापूर्वीच त्यात टिपलेल्या होत्या. त्या दोन्ही अवस्था क्यूच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या आहेत. क्यू मिथेनच्या अनुपस्थितीत थंड द्रावणात काही सेकंद टिकते. मिथेन जवळ आला की त्याहूनही कमी वेळ. तेवढ्या वेळात विकर, प्राणवायू आणि झोत यांची गाठ घालून द्यावयाची आहे.